एक जूनला अठरा पूर्ण

महाराष्ट्रातल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं चाळली, तर एक जूनला जन्मलेल्यांची संख्या बघून थक्क व्हायला होतं. मुलाला घेऊन आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनात सुरू होते, वयाचा हिशेब सोपा पडतो. गावाकडे हा आता चेष्टेचा विषय झाला आहे. बालगृहात मात्र ही तारीख अजून कामावर आहे. फलाटावर सापडलेल्या मुलाचं वय बाल कल्याण समिती दिसण्यावरून, कधी हाडांच्या तपासणीवरून ठरवते. वर्ष ठरलं तरी दिवस आणि महिना कुणीतरी घालायचाच असतो आणि घालणाऱ्या हाताला एक जूनची सवय असते.

त्या मुलाला एक जूनला अठरा पूर्ण होतात तेव्हा बारावीचा निकाल नुकताच लागलेला किंवा लागायचा असतो. कॉलेजचे फॉर्म निघालेले असतात आणि आठवड्याभरात पाऊस येणार असतो. नेमक्या त्याच पंधरवड्यात कायद्याच्या नजरेत तो मूल राहत नाही आणि समितीचा त्याच्यावरचा ताबा संपतो. ज्या खाटेवर तो सहा-सात वर्षं झोपला, तिच्यासाठी दुसरा मुलगा आलेला असतो.

ही पुस्तिका त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांबद्दल आहे. ती लिहिली आहे मुंबई उपनगरातल्या बालगृहांतल्या काळजीवाहकांसाठी, अधीक्षकांसाठी आणि रविवारी शिकवायला येणाऱ्या ताई-दादांसाठी. अंधेरी-बोरिवलीकडचे, घाटकोपर-मुलुंडकडचे जे वाचक दर वर्षी वाढदिवसाला जवळच्या संस्थेत जेवण देतात, त्यांनीही ती वाचावी अशी इच्छा आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याकडून विषयाची ओळख करून देण्याची अपेक्षा असते. ती करून देताना मी थोडं भांडणार आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या ४६व्या कलमानुसार अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येतं. देता येतं, द्यावंच लागतं असं नाही. या साहाय्याला सरकारी मराठीत ‘अनुरक्षण’ म्हणतात, संस्थेतली माणसं ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. ते एकवीस वर्षांपर्यंत असतं आणि अपवाद म्हणून पुढे आणखी दोन वर्षं वाढवता येतं. २०१६च्या केंद्रीय आदर्श नियमांत त्याचं चित्र बरंच बारकाईने रंगवलेलं आहे. सहा ते आठ जणांनी मिळून राहायचं तात्पुरतं घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणाला शिष्यवृत्ती, धंद्यासाठी कर्जाची सोय आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, हे सगळं त्यात आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढे ठेवायचा, असंही त्यात म्हटलं आहे. दोन महिने! आपल्याकडे दोन महिन्यांत लग्नाचा हॉल मिळत नाही.

आणि पैसे? २०२२पासून लागू झालेल्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा चार हजार रुपये आहेत. त्याआधी एकात्मिक बाल संरक्षण योजनेत दोन हजार होते, म्हणजे रक्कम दुप्पट झाली हे मान्य. पण अंधेरी पूर्वेला सीप्झच्या आसपास कॉट बेसिसवर नुसती एक खाट घ्यायची तरी चार हजारांत भागत नाही. त्यात जेवण नाही, लोकलचा पास नाही, मोबाइलचा रिचार्ज नाही. खोली घ्यायची तर डिपॉझिट आणि दलालाची एका महिन्याची दलाली आधी हातावर ठेवायची. म्हणून अंधेरीच्या मॉलमध्ये उभा राहणारा मुलगा नालासोपाऱ्याला चौघांत राहतो आणि घाटकोपरला कामाला येणारा दिव्याला. दिवसाचे तीन-चार तास गाडीत गेल्यावर संध्याकाळचं कॉलेज हे कागदावरच राहतं.

माझं भांडण मात्र रकमेशी नाही, अपेक्षेशी आहे. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या साध्या मराठी घरातला मुलगा बघा. बाविसाव्या वर्षी पदवी होते. दोन वर्षं स्पर्धापरीक्षा किंवा ‘बघतोय काहीतरी’ यात जातात. पंचविशीत धड नोकरी लागते, तिशीच्या आसपास लग्न होतं आणि फ्लॅट बुक करताना वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड कामाला येतो. नोकरी सुटली तर तो आपल्या खोलीत जाऊन झोपतो. आई दोन दिवस काही बोलत नाही, तिसऱ्या दिवशी पोहे पुढे करून विचारते. या सगळ्याला आपण ‘सेटल होतोय’ म्हणतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ज्याच्यामागे कुणीच नाही, त्याच्याकडून मात्र आपल्याला अठराव्या वर्षी पूर्ण स्वावलंबन हवं असतं. संस्थांच्या अहवालांत ‘मुलांना स्वतःच्या पायावर उभं केलं’ असं वाक्य हमखास असतं. या उपनगरांत फक्त स्वतःच्या पायावर उभा असलेला वीस वर्षांचा मुलगा मला तरी अजून कुणी दाखवलेला नाही. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी असतं.

स्वावलंबनाचा हा आग्रह आला कुठून, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५चा आणि महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. त्या काळी प्रश्न जगण्याचा आणि अब्रूचा होता. विधवेला, टाकलेल्या मुलाला छप्पर आणि अक्षर देणं हीच मोठी क्रांती होती. मुंबईची परंपरा थोडी वेगळ्या वाटेने आली. माहीमची डेव्हिड ससून शाळा १८५७मध्ये सुरू झाली ती मुलांना सुधारण्यासाठी आणि त्यांच्या हाताला हुन्नर देण्यासाठी. १९२४मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा आला, १९२७मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीचं निरीक्षणगृह, मानखुर्दची बालगृहं तिच्या कारभाराखाली आली. सुतारकाम, विणकाम, शिवण शिकवा, मुलगा गिरणीत किंवा कारखान्यात लागेल, हा हिशेब तेव्हा बरोबर होता, कारण शहराला हातांची गरज होती आणि गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळायची. १९८२च्या गिरणी संपानंतर ते शहर राहिलं नाही. आता बारावीचा कागद, कामापुरतं इंग्रजी आणि स्मार्टफोन हाताशी असल्याशिवाय कुरिअरचं कामही मिळत नाही. संस्थांच्या डोक्यातला नकाशा मात्र बऱ्याच अंशी जुनाच आहे. हुन्नर दिला की आपलं काम झालं.

हुन्नर हवाच. मुलुंडच्या, बोरिवलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा फिटर होऊन बाहेर पडलेला मुलगा तुलनेने बरा तरतो. पण बाहेर पडलेल्यांशी बोलताना हुन्नराआधी वेगळ्याच गोष्टी निघतात. कांदा काय किलो असतो हे माहीत नव्हतं. गॅसची नोंदणी कशी करतात माहीत नव्हतं. पहिला पगार दहा दिवसांत संपला. रात्री खोलीत एकट्याने झोप लागेना, कारण आयुष्यभर चाळीस जणांच्या श्वासात झोपण्याची सवय.

हे मुलांच्या बुद्धीचं अपयश नाही. चांगल्या संस्थेतही रोजचे निर्णय वर घेतले जातात. उठायची घंटा होते, जेवणाची घंटा होते, कपडे देणगीत येतात, साबण मोजून मिळतो. शंभर मुलांचा स्वयंपाक एका मोठ्या पातेल्यात होतो आणि सुरक्षेच्या कारणाने मुलांना स्वयंपाकघरात फिरकू देत नाहीत. घरातलं मूल सातव्या वर्षी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दहाची नोट घेऊन जातं, उरलेल्या सुट्या पैशांची गोळी घेतं आणि ओरडा खातं. पैशाचं शिक्षण तिथे सुरू होतं. संस्थेतल्या मुलाला ती नोट मिळत नाही, चूक करायची संधी मिळत नाही आणि ओरडाही मिळत नाही. मग सतराव्या वर्षी ‘जीवनकौशल्यां’ची दोन दिवसांची कार्यशाळा होते. प्रोजेक्टरवर बजेटचा तक्ता दाखवतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात.

म्हणून या पुस्तिकेतला पहिला भाग सतरा वर्षांच्या नव्हे, बारा वर्षांच्या मुलापासून सुरू होतो, हे मला फार योग्य वाटलं. आठवड्याला थोडे पैसे आणि त्यांचा हिशेब न विचारणं. दोघा-तिघांनी मिळून महिन्यातून एकदा बाजार करणं. पंधराव्या वर्षी तिकीट काढून एकट्याने घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने जाऊन येणं. यात धोका आहेच. संस्थेतलं मूल हरवलं तर अधीक्षकाला पोलिसांपासून समितीपर्यंत सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. घरातलं मूल हरवलं तर बापाला नोटीस येत नाही. ही भीती खरी आहे आणि तिला कुणी तोंडी धीर देऊन उपयोग नाही. समितीने मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात अशा फेऱ्या लिहूनच मान्य केल्या, तरच काळजीवाहकाची छाती होईल.

कागदपत्रांचं प्रकरण वाचायला सगळ्यांत कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आधारची बोटं-डोळे पंधराव्या वर्षी पुन्हा नोंदवावे लागतात. ते राहून गेलं की अठराव्या वर्षी बँकेपासून सिमकार्डापर्यंत सगळं अडतं. अनेकदा मुलाच्या आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असतो तो संस्थेतल्या कुणाचा तरी. मुलगा दिव्यात बसलेला आणि त्याचा ओटीपी मानखुर्दला. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली असेल, तर मग बघायलाच नको. पत्ता संस्थेचा, म्हणजे बाहेर पडल्या दिवसापासून खोटा. आपल्याकडच्या प्रत्येक फॉर्मवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात आणि मधला रकाना रिकामा सोडला की संगणक पुढे जाऊ देत नाही. असाच आणखी एक कागद म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. ते महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. उपनगर जिल्ह्याचं या विभागाचं कार्यालय चेंबूरला आहे. हे प्रमाणपत्र मूल संस्थेत असतानाच काढलं तर एक अर्ज पुरतो. बाहेर पडल्यावर काढायचं तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून खेटे घालावे लागतात.

या प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या आरक्षणामागे एका मुलीची लढाई आहे. अमृता करवंदे गोव्यातल्या संस्थेत वाढली, अठरा झाल्यावर पुण्याला आली, पडेल ती कामं करत शिकली आणि राज्यसेवेच्या परीक्षेला बसली. अनाथांसाठी कोणताही प्रवर्ग नसल्याने तिची वाट अडली, तेव्हा तिने थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत धडक मारली. २०१८मध्ये महाराष्ट्राने शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. सुरुवातीचे निकष इतके अरुंद होते की आईबाप गेलेले पण जात माहीत असलेली मुलं त्यात बसत नव्हती. २०२१मध्ये ते रुंद केले गेले. पोलीस भरतीच्या याद्यांत आता अनाथांचा रकाना दिसतो, आणि हा रकाना एका मुलीच्या चिवटपणामुळे आला आहे.

पण इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बालगृहातली पुष्कळ मुलं अनाथ नसतात. आई घरकाम करते, बाप दारूत गेला किंवा निघून गेला, खोली आठ बाय दहाची, म्हणून जूनमध्ये शाळेबरोबर मूल संस्थेत दाखल होतं. त्याला अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही, मग आरक्षणही नाही. अठराव्या वर्षी ते ‘घरी’ जातं. दहा वर्षांत त्या घरात सावत्र बाप आलेला असतो, दोन धाकटी भावंडं आलेली असतात आणि आल्या दिवसापासून विचारणा सुरू होते, कमवायला कधी लागणार? कागदावर या मुलाचं पुनर्वसन झालेलं असतं. माझ्या मते सगळ्यांत एकटं मूल हेच. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, कारण त्याला आई आहे.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागेल. आपल्या संस्थांनी मुलीच्या अठराव्या वर्षाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच दिलं आहे, स्थळ बघायचं. संस्थेच्या अंगणात मांडव, कन्यादानाला देणगीदार, रुखवतात स्टीलची भांडी आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. यातली अनेक लग्नं चांगली झाली आहेत आणि त्या संस्थाचालकांच्या मायेबद्दल मला शंका नाही. तरीही एकोणीस वर्षांच्या मुलीने ज्याला दोनदा पाहिलं आहे अशा माणसाशी लग्न करणं हा निवाऱ्याचा प्रश्न सोडवण्याचा मार्ग होऊ नये. अनाथांच्या ‘माई’ सिंधुताई सपकाळांचं उदाहरण या वादात दोन्ही बाजूंनी दिलं जातं. त्यांनी मुलींची लग्नं लावली हे खरं. पण माईंनी अठरा ही रेघच मानली नाही, हे त्याहून मोठं. लेकी बाळंतपणाला परत येत, जावई-सुना-नातवंडांचा आकडा त्या भाषणात अभिमानाने सांगत. ४ जानेवारी २०२२ला त्या गेल्या तेव्हा ज्यांचं माहेर गेलं, त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या होत्या. नियमांच्या चौकटीत चालणाऱ्या, सरकारी अनुदानाच्या बालगृहाला तसं वागता येत नाही. एका व्यक्तीच्या मायेवर चाललेली गोष्ट व्यवस्थेत कशी आणायची, हा या पुस्तिकेतला मला सर्वांत अवघड वाटलेला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिच्यात अर्धंच आहे.

इंग्लंडने हा प्रयत्न कायद्याने केला. तिथल्या २००० सालच्या कायद्याने संस्थेतून किंवा तात्पुरत्या पालक-कुटुंबातून बाहेर पडणाऱ्या पात्र तरुणाला एक वैयक्तिक सल्लागार आणि लेखी आराखडा देणं स्थानिक परिषदेवर बंधनकारक केलं. २०१७मध्ये ही मदत पंचविशीपर्यंत मागता येईल अशी सोय झाली. तिथेही हे सल्लागार कामाच्या ओझ्याखाली असतात, बेघर तरुण तिथेही आहेत, तेव्हा हुरळून जायचं कारण नाही. पण ‘माझा सल्लागार कोण?’ असं तिथल्या पोराला हक्काने विचारता येतं.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१मध्ये दहा लाखांच्या ठेवीची योजना आणली. अठरा ते तेवीसपर्यंत महिन्याला विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी मूळ रक्कम हातात. महाराष्ट्राने त्यावर स्वतःची पाच लाखांची ठेव ठेवली. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला लगेच मोठी रक्कम देऊ नये, पाच वर्षं आधार द्यावा, मग भांडवल द्यावं, हे शहाणपण सरकारला ठाऊक आहे. ज्याचे आईबाप २०१९मध्ये क्षयाने गेले, त्याचं दुःख या हिशेबात का बसत नाही, एवढंच कुणीतरी सांगायला हवं.

बाहेर पडल्यावरच्या आयुष्याबद्दल या पुस्तिकेत जे तरुण बोलले आहेत, त्यांची नावं दिलेली नाहीत आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या बोलण्यात मे महिना आणि गणपती वारंवार येतात. कॉटवरचे सगळे गावाला जातात, कोकणच्या गाड्या भरून सुटतात, खानावळ पाच दिवस बंद असते. ऑफिसात विचारतात, ‘तुझं गाव कुठलं?’ काहीजण रत्नागिरी सांगून टाकतात. एकाने तर गावातल्या आंब्याच्या झाडांची संख्याही ठरवून ठेवली आहे. हे वाचून हसू आलं, मग बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

सहा ते आठ जणांच्या घराची कल्पना मला म्हणूनच पटते. जुन्या वसतिगृहासारखं अनुरक्षणगृह म्हणजे पुन्हा घंटा, पुन्हा रजिस्टर. साध्या इमारतीतली साधी भाड्याची जागा, दाराला स्वतःची किल्ली, आठवड्यातून दोनदा येणारी एक ताई, वीजबिल वाटून भरायचं आणि कुणी गणपतीत एकटं उरायचं नाही. अडचण येते ती सोसायटीत. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीत ‘बॅचलर चालणार नाहीत’ हे वाक्य ऐकू येतं. त्यात ‘संस्थेतली मुलं’ म्हटलं की सेक्रेटरीच्या कपाळावर आठ्या. याच सोसायट्यांतून दर दिवाळीला त्याच संस्थांत फराळाचे डबे जातात.

तेव्हा वाढदिवसाला जेवण देणाऱ्या वाचकांना एक सांगायचं आहे. जेवण बंद करू नका, पण साक्षीलाही उभे राहा. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवताना मालक आणि भाडेकरू यांच्याशिवाय दोन साक्षीदार लागतात. त्यांचा आधार लागतो, अंगठा लागतो. संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाकडे साक्षीला असतो तो त्याच्याबरोबर बाहेर पडलेला दुसरा मुलगा, ज्याच्या आधारवर अजून बालगृहाचाच पत्ता आहे. दुसरा साक्षीदार शोधायला तो एजंटला पाचशे रुपये देतो. साक्षीदार होण्याच्या कामाला अर्धा तास लागतो आणि ते घरी बसून होतं. पुस्तिकेच्या शेवटी साक्षीदार, ओळख देणारे आणि ‘आजारपणात कुणाला फोन करायचा’ या रकान्यात नाव द्यायला तयार असलेल्यांसाठी एक फॉर्म आहे. त्यात कुठल्या स्टेशनजवळ राहता, हेही लिहायचं आहे.